जुनी यंत्रे आणि त्यांचे शोककर्ते

गेल्या काही वर्षांत सुशिक्षित समाजात एक नवीनच जातीचा शोक रूढ झाला आहे. पूर्वी माणसे गेलेल्या माणसांविषयी, मोडलेल्या वाड्यांविषयी किंवा फार तर बंद पडलेल्या नाटक मंडळ्यांविषयी हळहळत. आता चाळिशी-पन्नाशी उलटलेले पुष्कळ गृहस्थ, आणि काही गृहिणीही, आपल्या लहानपणच्या संगणकाविषयी हळहळताना दिसतात. कोणी कमोडोर सिक्स्टी-फोरचे नाव काढून उसासा टाकतो. कोणी स्पेक्ट्रमच्या रबरी कळांची आठवण सांगतो. कोणी व्हूडू नावाच्या ग्राफिक्स कार्डाचे असे वर्णन करतो की ऐकणाऱ्यास एखाद्या हरवलेल्या दागिन्याविषयीच बोलणे चालले आहे असे वाटावे. आणि हे चालले असता शेजारी बसलेला एखादा शहाणा गृहस्थ मिशीत हसून म्हणतो, 'अहो, तुम्ही यंत्रासाठी रडत नाही, आपल्या तारुण्यासाठी रडता आहा.' त्यावर सगळे हसतात, शोक करणाराही ओशाळून हसतो, आणि विषय संपतो.

आमच्या मते विषय तेथे संपत नाही, तेथे सुरू होतो. प्रथम त्या शहाण्या गृहस्थाच्या शब्दाकडेच पाहू. तो ह्या हळहळीला 'नॉस्टॅल्जिया' म्हणतो. हा शब्द १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे एका रोगाचे नाव म्हणून बनविला. परमुलखात गेलेल्या स्विस लोकांना घरच्या ओढीने जे दुखणे जडे त्याचे ते नाव. म्हणजे ज्याला तो लावावयाचा तो माणूस शब्दाच्या जन्मापासूनच रोगी ठरलेला! आपण मराठीत त्याचे 'स्मरणरंजन' केले, ते तर त्याहूनही सोयीचे झाले. रंजन म्हटले की करमणूक आली, आणि करमणूक करून घेणाऱ्याची तक्रार ऐकण्याचे बंधन कोणावरच नसते. घर जळालेला माणूस त्या घराची आठवण काढून रडू लागला तर त्याला कोणी स्मरणरंजन म्हणत नाही. आग कशी लागली ते विचारतात.

तेव्हा आम्हीही तेच विचारणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ह्या शोककर्त्याची एक खरीखुरी वस्तू हरवली आहे. पण ती कोणती हे त्या बापड्याला स्वतःलाच नीट ठाऊक नसल्यामुळे तो भलत्याच वस्तूसाठी रडतो, आणि बाजारवाले ती भलतीच वस्तू नवी करून त्याला विकतात. म्हणून आमचे भांडण दोघांशी आहे. त्याला हसणाऱ्याशी आहे, आणि त्याच्याशीही आहे.

बाजाराचा मासला पाहावा. २०१८ साली 'द सी सिक्स्टी-फोर मिनी' ह्या नावाचे एक उपकरण विकावयास आले. १९८२ साली निघालेल्या कमोडोर सिक्स्टी-फोरची ती लहान आकाराची प्रतिकृती होती. रंग तोच, घाट तोच, आत चौसष्ट खेळ भरलेले, दूरदर्शन संचाला जोडावयाची सोय, आणि खेळण्यासाठी एक दांडी. कळफलकही हुबेहूब, प्रत्येक कळ, तिच्यावरील अक्षर, सगळे जागच्या जागी. मात्र त्या कळा दाबल्या जात नसत! तो कळफलक नुसता शोभेचा, साच्यातून काढलेला होता. न्यायाने सांगितले पाहिजे की, दुसरा कळफलक बाहेरून जोडण्याची व्यवस्था त्यात होती, आणि पुढच्याच वर्षी चालत्या कळांची मोठी आवृत्तीही निघाली. पण पहिल्या खेपेस कोणते अंग वगळले तर गिऱ्हाइकाला चुकल्यासारखे वाटणार नाही असा विचार कारखानदाराने केला, तेव्हा त्याने नेमका कळफलक वगळला, आणि गिऱ्हाइकांनी तो माल आनंदाने घरी नेला. संक्रांतीच्या वाणात सुगडाऐवजी सुगडाचे चित्र द्यावे आणि सवाष्णींनी तेच हळदीकुंकू लावून घेऊन जावे, तसा हा प्रकार झाला.

कारण त्या यंत्राचा प्राण कोठे असेल तर तो त्या कळांतच होता. ज्या वाचकांनी ते यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. कमोडोर सुरू केला की निळ्या पडद्यावर यंत्राचे नाव, त्याखाली ३८९११ बाइट इतकी जागा मोकळी असल्याची वर्दी, त्याखाली 'रेडी' हा एक शब्द, आणि त्याखाली लुकलुकणारा एक चौकोन, एवढेच दिसे. जाहिरात नाही, खेळांची यादी नाही, तुमचे नाव-गाव विचारणे नाही. यंत्र तयार आहे, आज्ञा द्या, एवढाच त्याचा अर्थ. आणि ही आज्ञा बेसिक ह्या भाषेत द्यावयाची असे. नुसता खेळ खेळावयाचा म्हटला तरी कॅसेटवरून किंवा तबकडीवरून तो आत घेण्याची आज्ञा टंकावी लागे, म्हणजे खेळावयास बसलेल्या पोराच्या हातून नकळत प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहून होई. त्या काळच्या मासिकांत खेळ छापलेले असत. छापलेले म्हणजे खरोखरच छापलेले, ओळीमागून ओळ, पानेच्या पाने! पोरे ती उतरून काढीत. एखादा स्वल्पविराम चुकला की सगळे अडे. मग चूक शोधता शोधता ती ओळ तशी का लिहिली आहे हे कळे, आणि ते कळले की ती बदलून पाहण्याची इच्छा होई. तीन जीवांऐवजी तीस जीव दिले तर काय होईल? ह्या एका प्रश्नातून किती पोरांचे पुढचे आयुष्य ठरले असेल ते असो. पण तो प्रश्न विचारण्याची मुभा त्या यंत्राने दिली होती, आणि ती चोरून नव्हे, राजरोसपणे दिली होती.

ही काही कोणा एका कारखानदाराची लहर नव्हती. इंग्लंडात बीबीसीने संगणकसाक्षरतेची मोहीम काढली, तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून बीबीसी मायक्रो हे यंत्र १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आणविले, आणि १९८२ च्या जानेवारीपासून दूरदर्शनवर त्याचे धडे सुरू केले. लोकांनी संगणक विकत घ्यावा एवढाच त्यामागे हेतू नव्हता. संगणक आतून कसा चालतो हे सामान्य घरातल्या माणसास कळावे असा होता. आपल्याकडेही १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' ह्या नावाची योजना काढून हेच बीबीसी मायक्रो निवडक शाळांतून पाठविले. आमच्या माहितीच्या एका शाळेत त्याची काय अवस्था झाली ते सांगण्यासारखे आहे. त्याला स्वतंत्र खोली मिळाली, खोलीला पडदे मिळाले, यंत्राला फुलाफुलांचे आच्छादन मिळाले, मुलांनी चपला बाहेर काढून रांगेने आत जावे असा नियम मिळाला. आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात राहिली. आम्ही त्याला दोनदा नमस्कार केला, हात एकदाही लावला नाही. त्या मुख्याध्यापकांना आम्ही पुष्कळ वर्षे मनातल्या मनात बोल लावीत होतो. आज वाटते, तो मनुष्य आपल्या काळाच्या फार पुढे होता. यंत्र तुमच्या समोर ठेवावे आणि किल्ली आपल्या खिशात ठेवावी, हीच आजच्या सगळ्या व्यापाराची रीत आहे.

येथे एका चुकीच्या युक्तिवादाला वाट मिळते, तो आधीच अडविला पाहिजे. शोककर्त्यांपैकी पुष्कळांचे असे मत असते की, जुन्या यंत्रांची खरी थोरवी त्यांच्या दारिद्र्यात होती. तुटपुंज्या सामग्रीत माणसाची कल्पकता फुलत असे, आजच्या सुबत्तेत ती मेली. ह्याला ते 'एलिट' ह्या खेळाचा दाखला देतात. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल ह्या केंब्रिजच्या दोघा विद्यार्थ्यांनी हा खेळ १९८४ साली बीबीसी मायक्रोवर बसविला. यंत्राची मेमरी अवघी ३२ किलोबाइट. तीत त्यांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह मावविले. ग्रहांची नावे, तेथील राज्यपद्धती, बाजारभाव ह्यांतले काहीही साठविलेले नव्हते. काही थोड्या आकड्यांच्या बीजातून ते सगळे प्रत्येक वेळी गणिताने उगवून येई. करामत अपूर्व आहे ह्यात संशय नाही, आणि आम्ही तिला मुजरा करतो. पण उपास घडला म्हणून तुकारामाला अभंग सुचले असे जो म्हणेल त्याला आपण काय म्हणू? उपास तर त्या गावात सगळ्यांनाच घडत होता. ३२ किलोबाइटांत शेकडो रद्दी खेळही निघाले, त्यांची नावे आज कोणास आठवत नाहीत एवढेच.

आणि तो काळ काही सत्ययुग नव्हता. ह्याच 'एलिट'ची स्पेक्ट्रमवरील आवृत्ती १९८५ साली निघाली, तेव्हा चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून पेटीत प्लास्टिकचे एक भिंग घातले होते. पडद्यावर विस्कटलेली अक्षरे येत. ते भिंग पडद्याला लावून त्यांतून ती ओळखावयाची आणि टंकावयाची, तेव्हा खेळ सुरू व्हावयाचा. मौज अशी की, काही शेकडो पेट्यांत भलत्याच खेळाचे भिंग पडले! ज्यांनी प्रामाणिकपणे दाम मोजले ते भिंग डोळ्याला लावून बसले, आणि ज्यांनी चोरून प्रत केली ते खेळत राहिले. गिऱ्हाइकाला चोर समजण्याची खोड आजची नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. फरक एवढाच की, त्या वेळी पहारा एका भिंगाचा होता आणि ते भिंग निदान तुमच्या घरात होते.

आता ज्याला आपण नुसते 'पीसी' म्हणतो त्या यंत्राकडे वळू. कारण महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत जे आले ते मुख्यतः तेच. आयबीएमने हे यंत्र १९८१ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणले. त्याबरोबर एक तांत्रिक ग्रंथ विकावयास ठेवला होता; त्यात यंत्राचे विद्युत् आराखडे छापलेले होतेच, पण यंत्र जागे करणारी जी मूळ आज्ञावली, बायॉस, तीही सबंध छापलेली होती. तिच्यावरचा हक्क अर्थातच कंपनीने राखून ठेवला होता. तरी पुस्तक उघडून यंत्र समजून घेता येत होते, पेटीचे झाकण काढले की आत खाचा होत्या, आणि त्या खाचांत कोणाचेही कार्ड बसत होते. पुढे कॉम्पॅक आदी कंपन्यांनी बायॉसची एक ओळही न उचलता तशीच वागणारी दुसरी बायॉस लिहिली, आणि आयबीएमच्या हातून ते यंत्र सुटले ते कायमचे. फ्लॉरिडातल्या बोका रॅटन येथे जन्मलेल्या यंत्राचे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर टोपल्यांत मांडलेले दिसू लागले, ते ह्यामुळे.

आमच्या घरी १९९५ साली जे यंत्र आले ते असेच जोडून घेतलेले होते. मदरबोर्ड एका दुकानातून, हार्ड डिस्क दुसऱ्या, पेटी तिसऱ्या. मेमरी घेतली तेव्हा एका दुकानदाराने सांगितली आठ मेगाबाइट आणि घरी येऊन मोजली ती चार भरली; परत गेलो तर तो म्हणाला, 'साहेब, यंत्राला समजत नसेल.' ते असो. मुद्दा असा की, आम्हांला मोजता आली. खेळ चालविण्यासाठी त्या काळी जे सव्यापसव्य करावे लागे ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. डॉसच्या खेळांना पहिल्या ६४० किलोबाइटांतच जागा हवी असे, मग बाकी मेमरी कितीही असो. त्या अरुंद खोलीत माऊसचा प्रोग्रॅम, ध्वनीच्या कार्डाचा प्रोग्रॅम, सीडीचा प्रोग्रॅम असे पाहुणे आधीच पाय पसरून बसलेले असत. कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट ह्या दोन फायली उघडून एकेकाला उठवावयाचे, कोणाला माळ्यावर चढवावयाचे, आणि शेवटी खेळ सुरू झाला की आवाज बंद! कारण ध्वनीचे कार्ड आणि प्रिंटर एकाच दारावर हक्क सांगत असत. ह्या सगळ्याला जो 'ते सोनेरी दिवस' म्हणतो त्याची स्मृती तरी अधू आहे किंवा त्याच्या घरी हे काम दुसरे कोणी करीत असले पाहिजे. आमच्या वडिलांना तर आम्ही अभ्यास करतो असेच वाटे. त्यांचे सर्वस्वी चुकले असे आता आम्हांला म्हणवत नाही.

मग आली ती व्हूडूची गोष्ट. कॅलिफोर्नियातील थ्रीडीएफएक्स कंपनीचे हे कार्ड १९९६ साली निघाले. त्याच्यावर चार मेगाबाइट मेमरी असे, आणि त्याला फक्त त्रिमितीय चित्रे काढता येत; साधी अक्षरे दाखविण्यासाठी पहिले कार्ड ठेवावेच लागे, आणि दोहोंना जोडणारी एक आखूड केबल पेटीच्या पाठीमागे शेपटासारखी लोंबत असे. पण ज्याने तोवर ओबडधोबड ठोकळ्यांच्या भिंती पाहिल्या होत्या त्याने प्रथमच त्या कार्डावर गुळगुळीत दगड, पाण्यावरचा उजेड आणि मशालीचा रंगीत प्रकाश पाहिला, त्याच्या आनंदाला आम्ही हसणार नाही. आमच्या परिचयात असे कार्ड एकाकडेच होते. परदेशातून येणाऱ्या मामाने ते मोज्यात गुंडाळून आणले होते, आणि त्या मित्राचा भाव कॉलेजात एकदम वधारला. पुढे काय झाले? ह्या कार्डाशी बोलण्याची ग्लाइड नावाची भाषा कंपनीने आपल्यापुरतीच ठेवली होती. २००० सालच्या डिसेंबरात कंपनीने आपली मालमत्ता एनव्हिडिया ह्या प्रतिस्पर्ध्यास विकण्याचे ठरविले, कार्डे निघावयाची थांबली, आणि ग्लाइडवाचून ज्यांचे खरे रूप दिसत नसे असे खेळ पोरके झाले. ते मेले मात्र नाहीत. खेळ घराघरांतल्या तबकड्यांवर होते, यंत्र उघडे होते. तेव्हा काही मुलखावेगळ्या माणसांनी पदरमोड करून असे प्रोग्रॅम लिहिले की, खेळाने ग्लाइडमध्ये बोलावे आणि नव्या कार्डाला ते त्याच्या भाषेत ऐकू जावे. आज ते खेळ चालतात ते ह्या दुभाष्यांच्या जिवावर. कंपनी गेली, कार्ड गेले, तरी खेळ उरला. कारण तो ज्याच्या घरी होता त्याचा होता.

हाच शब्द पुढे बदलला. त्याची तारीख सांगता येते. व्हॉल्व्ह कंपनीने २००३ च्या सप्टेंबरात स्टीम ही व्यवस्था सुरू केली, आणि २००४ च्या नोव्हेंबरात 'हाफ-लाइफ टू' हा खेळ काढला. दुकानातून पेटी विकत आणली, तबकड्या हातात आल्या, तरी इंटरनेटवरून कंपनीच्या दाराशी जाऊन नाव नोंदविल्यावाचून तो सुरू होत नसे. लोकांनी थोडी कुरकुर केली, आणि खेळ उत्तम असल्यामुळे ती गिळून टाकली. तेथून पुढे तबकडीही गेली. मग विकत घेण्याचे शब्द तेवढे राहिले आणि विकत घेणे गेले. २०१४ साली युबिसॉफ्टने 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ काढला. एकट्याने खेळावयाचा भागही कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्यावाचून चालू नये अशी त्याची रचना होती. २०२४ च्या ३१ मार्चला कंपनीने तो सर्व्हर बंद केला, आणि ज्यांनी पूर्ण दाम दिले होते त्यांच्या हातांत काहीही उरले नाही. आमच्या स्वतःच्या कपाटात दुसऱ्या एका कंपनीची अशीच एक तबकडी आहे. तिच्यावर एक ओरखडा नाही. ती घातली की यंत्र ज्या दाराशी परवानगी मागावयास जाते ते दारच आता जगात नाही. चहाचा पेला ठेवावयास ती उपयोगी पडते.

कायद्याने ही गोष्ट कशी पाहिली तेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली एक कायदा केला. तो २०२५ च्या १ जानेवारीपासून लागू झाला. त्यात अशी तरतूद आहे की, जो माल विक्रेता पुढे काढून घेऊ शकतो त्याच्यापाशी नुसते 'विकत घ्या' असे लिहू नये, तुम्हांला केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगावे. म्हणजे काढून घेण्यास मनाई झाली नाही, काढून घेणार हे आधी सांगण्याचा शिष्टाचार लागू झाला. गाईच्या गळ्यात 'ही विकलेली नाही' अशी पाटी बांधली की गोठ्याचा प्रश्न सुटला, असे मानणाऱ्या कायदेपंडितांना आमचा साष्टांग नमस्कार.

आता आमचे काही वाचक अस्वस्थ झाले असतील. ते म्हणतील, 'हे सगळे खरे, पण शेवटी खेळच ना? पोरासोरांच्या खेळांसाठी मासिकाची इतकी पाने?' ह्या प्रश्नाला आम्ही थोडे रागानेच उत्तर देणार आहोत, कारण हाच प्रश्न विचारून आपण एकदा हात पोळून घेतले आहेत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा सुशिक्षितांच्या लेखी तोही तंबूतला खेळच होता. आज त्याची सगळी रिळे आपल्यापाशी नाहीत. १९३१ चा 'आलम आरा', हिंदुस्थानचा पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचे चित्रपट संग्रहालय निघाले १९६४ साली. तोवर जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. त्या चित्रपटांच्या नावाने आज आपण परिसंवाद भरवितो. नव्या कलेला पोरखेळ म्हणावे, ती नष्ट होऊ द्यावी आणि पन्नास वर्षांनी तिचा शोक करावा, हा क्रम आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही चुकते असेही वाटत नाही. संगणकाच्या खेळांचे तेच चालले आहे. अमेरिकेत जुन्या खेळांच्या जतनासाठी काम करणाऱ्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' ह्या संस्थेने २०२३ साली पाहणी करून सांगितले की, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी शेकडा ८७ आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांनी निदान अभ्यासकांना ते दुरून पाहू द्यावेत अशी विनंती तेथील कॉपीराइट कार्यालयाकडे केली होती. ती २०२४ च्या ऑक्टोबरात फेटाळली गेली.

आणि हे खेळांपाशी थांबते असे ज्यांना वाटते त्यांनी २००९ सालची गोष्ट आठवावी. ॲमेझॉनच्या किंडल ह्या वाचनयंत्रावर लोकांनी जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके विकत घेतली होती. ती विकणाऱ्याला विक्रीचा हक्क नव्हता असे आढळल्यावरून कंपनीने ती पुस्तके लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. पैसे परत दिले, पुढे क्षमाही मागितली. पण पुस्तकविक्रेत्याने रात्री तुमच्या घरात शिरून फळीवरचे पुस्तक न्यावे आणि उशाशी पैसे ठेवून जावे, ह्याला दरोडा म्हणावयाचे की व्यवहार? त्यांतले एक पुस्तक नेमके '१९८४' असावे, हा योगायोग कोणा नाटककाराने रचला असता तर आम्ही त्याला भडकपणाचा दोष दिला असता.

शोककर्त्यांवर आमचा राग आहे तो येथे. ज्याला ह्या सगळ्याची झळ प्रथम लागली, ज्याला जुनी आणि नवी दोन्ही रीत ठाऊक आहे, तोच साक्षीदार ऐन वेळी पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या रंगाविषयी बोलत बसतो! कॅसेटची किरकिर, मोडेमची किंचाळी, पेटीवरची चित्रे ह्यांतच त्याचा जीव. त्याचा पुढचा अवतार म्हणजे संग्राहक. २०२१ च्या जुलैत 'सुपर मारिओ सिक्स्टी-फोर' ह्या खेळाची एक मोहोरबंद पेटी अमेरिकेत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरांना गेली. हा खेळ पीसीवरचा नव्हे, निन्टेन्डोच्या यंत्रावरचा. पण मनोवृत्ती एकच. तिचे मोल ती कधी उघडली नाही म्हणून. आणि ज्याने घेतली त्याला ती उघडता येणार नाही, कारण उघडली की मोल गेले. लाखो डॉलर देऊन न खेळण्याचा हक्क विकत घेणारा हा भक्त आणि न दाबल्या जाणाऱ्या कळांचा तो संगणक, ह्यांची पत्रिका उत्तम जुळते.

ह्याच काळात दुसऱ्या जातीचीही माणसे होती, हे सांगितले पाहिजे. २००२ साली डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम निघाला. नव्या यंत्राच्या पोटात तो जुने यंत्र उभे करतो, आणि तो लिहिणाऱ्यांनी तो फुकट वाटला. कोणी जुन्या बोर्डांवरच्या बॅटऱ्या गळून तांबे खाण्यापूर्वी त्या काढून टाकतात, कपॅसिटर बदलतात, काय केले ते लिहून ठेवतात. केंब्रिजच्या एबेन अप्टन ह्यांना असे दिसले की, संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांना आता यंत्राची पूर्वीइतकी ओळख नसते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली रास्पबेरी पाय हा अगदी स्वस्त, उघडा संगणक काढला, आणि त्याच्या नमुन्यांना ए आणि बी ही नावे दिली ती बीबीसी मायक्रोवरून. ही माणसेही जुन्या यंत्रांची आठवण काढणारीच होती. त्यांना कोणी स्मरणरंजन करणारे म्हणून पाहावे!

आता मागणी काय, तेवढे सांगून थांबतो. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ह्या नावाने चळवळ चालली, आणि २०२५ च्या जुलैअखेर तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. सर्व्हर जन्मभर चालवा असे तीत कोणी म्हटलेले नाही. विकलेला खेळ बंद करताना, तो ज्यांनी विकत घेतला त्यांना तुमच्यावाचून चालविता येईल अशा स्थितीत सोडून जा, एवढेच मागणे आहे. कंपन्यांचे म्हणणे असे की, हे खर्चाचे आहे, धोक्याचे आहे, आणि पुष्कळ खेळांच्या बाबतीत करताच येणार नाही. आयडी सॉफ्टवेअर कंपनीने १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' काढला, त्याचा पहिला भाग फुकट वाटला, आणि चार वर्षांनी, १९९७ च्या डिसेंबरात, त्याची मूळ संहिता लोकांच्या स्वाधीन केली. तेव्हापासून जगातल्या बहुतेक प्रत्येक यंत्रावर तो कोणी ना कोणी चालवून दाखविला आहे. मधल्या काळात त्या कंपनीचे मालक २००९ साली आणि पुन्हा २०२१ साली बदलले. 'डूम' अजून विकला जातो, आणि पैसे देऊन घेणारे अजून मिळतात.